‘१००० अँपिअर’चा जंपर आणि जांबोटीला अडकलेली पिकअप: तारेचा धातू, जाडी आणि लांबी कशी ठरली

बेळगावच्या एपीएमसी यार्डात रात्री कोबी, गाजर, मिरची भरायची आणि उजाडायच्या आत जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोवा गाठायचा, हा या रस्त्यावरच्या भाजीगाड्यांचा रोजचा क्रम. अशीच एक अडीच लिटर डिझेल इंजिनाची पिकअप जानेवारीतल्या पहाटे जांबोटीच्या अलीकडे पंक्चर झाली. अंधारात उजेड हवा म्हणून हेडलाइट चालू ठेवून चाक बदललं. पाऊण तास गेला. दोन हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून साधारण १२ अँपिअर ओढतात, म्हणजे पाऊण तासात ९ अँपिअर-अवर गेले. ८० अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीला एवढ्यानं काही होत नाही. ही बॅटरी चार वर्षांची होती आणि हवेत गारठा होता. चावी फिरवली तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, नुसता टक टक.

मागून त्याच यार्डातून निघालेली त्याच मॉडेलची दुसरी पिकअप आली. तिच्यात जंपर केबल होती, म्हणजे एका गाडीच्या बॅटरीवरून दुसरी गाडी चालू करायची चिमटेवाली तार. पाकिटावर ‘१००० अँपिअर, हेवी ड्युटी’ असं छापलेलं, तार अंगठ्याएवढी जाड, चिमटे तांब्याच्या रंगाचे. दोन्ही गाड्या लादलेल्या, रस्त्याच्या कडेला चर, त्यामुळे तोंडाला तोंड लावता येईना. शेजारी शेजारी उभ्या करून केबल कशीबशी पोचली, तीही ताणून. सेल्फ गुरगुरला, इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. तिसऱ्या खेपेला क्लीनर ओरडला, "अण्णा, वायर तापालीय!" चिमट्याजवळचं प्लास्टिक मऊ झालं होतं आणि वास सुटला होता.

चांगली गाडी चालू, तिची बॅटरी धडधाकट, जोडणीत उलटसुलट काही नाही, तरी सेल्फ का फिरेना? याचं उत्तर त्या तारेतच होतं, आणि ते आकड्यांत मांडता येतं.

रस्त्यावर काय मोजलं

जवळच्या गॅरेजमधून मल्टिमीटर आला. सेल्फ दाबून धरलेला असताना चालू गाडीच्या बॅटरीच्या दोन खुंटांवर १२.३ व्होल्ट होते, तर बंद गाडीच्या खुंटांवर ६.५. मधले ५.८ व्होल्ट केबल आणि चिमट्यांतच जिरत होते. सेल्फला साडेसहा व्होल्टवर गार डिझेल इंजिन फिरवायला सांगणं म्हणजे अर्ध्या दाबाच्या पाण्यावर पिठाची गिरणी चालवणं.

गाडी निघाली ती वेगळ्या वाटेनं, आणि ही वाट प्रत्येक चालकाला ठाऊक हवी. केबल तशीच जोडून ठेवली, बंद गाडीची चावी काढली, दिवे बंद केले आणि चालू गाडीचं इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास धरून २५ मिनिटं थांबले. एवढ्या अवधीत केबलमधून ३० अँपिअरच्या आसपास करंट उतरलेल्या बॅटरीत जात राहिला. म्हणजे १२ अँपिअर-अवर परत भरले. सेल्फ पाच सेकंद २५० अँपिअरनं फिरवायला लागतात ०.३५ अँपिअर-अवर. त्यामुळे पहिल्याच खेपेला इंजिन लागलं. ३० अँपिअरला ती तार फक्त कोमट राहिली.

बाजारात जंपर म्हणून मिळणारी बहुतेक केबल ही खरं तर चार्जिंगची केबल असते. तिच्याकडून सेल्फ फिरवून घ्यायला गेलं की ती तापते. वेळ देऊन चार्जिंग करून घेतलं तर काम होतं. नाशवंत माल भरलेल्या गाडीला मात्र अर्धा तास फुकट घालवणं परवडत नाही, म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

तार कापल्यावर

ती केबल नंतर उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये मधोमध कापली. बाहेरून १० मिमी व्यास. आत बोटाच्या टोकावर मावेल एवढी धातूची गड्डी, बाकी सगळं पीव्हीसी. धागे मोजले तर ८५. मायक्रोमीटरनं एका धाग्याचा व्यास ०.३० मिमी. एका धाग्याचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौ. मिमी, गुणिले ८५, म्हणजे ६ चौ. मिमी. अंगठ्याएवढ्या दिसणाऱ्या केबलमध्ये धातू एवढाच.

धातूही तांबं नव्हता. ब्लेडनं धागा खरवडला तर वरचा तांबूस थर निघून आत पांढरं दिसलं. लायटरच्या ज्योतीत धरला तर वितळून टोकाला गोळी झाली. तांब्याचा धागा ज्योतीत लाल होतो, पण वितळत नाही. तांब्याला वितळायला १०८५ अंश लागतात, ॲल्युमिनियमला ६६०. ही तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची होती. दुकानदार तिला सीसीए म्हणतात, आणि पुष्कळदा काहीच म्हणत नाहीत.

१ चौ. मिमी जाड आणि १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १७ मिलिओहमच्या (ओहमच्या हजाराव्या भागाच्या) थोडा वर. शुद्ध ॲल्युमिनियमचा २८. मुलाम्याच्या तारेचा २७ च्या आसपास, कारण मुलामा आकारमानाच्या साधारण दहा टक्केच असतो. केबलची प्रत्येक तार २.२ मीटर होती (पाकिटावर अडीच). २७ गुणिले २.२ भागिले ६, म्हणजे एका तारेला ९.९ मिलिओहम आणि जोडीला जवळजवळ २०. इथं एक चूक फार होते: लाल तारेतून गेलेला करंट काळ्या तारेतून परत येतो, म्हणून हिशेबात लांबी नेहमी दुप्पट धरायची.

केबल कापायच्या आधी बॅटरी तपासायच्या लोड टेस्टरनं तिच्यातून स्थिर १०० अँपिअर सोडून पाहिले होते. लाल बाजूला, चिमट्यांसकट, १.३८ व्होल्ट पडले आणि काळ्या बाजूला १.४१. एकूण २.७९ व्होल्ट, म्हणजे २७.९ मिलिओहम. तारेचे २० वजा केले तर उरलेले ८ चार चिमट्यांचे. एकेका चिमट्याचे दोन-दोन मिलिओहम! कारणंही उघड होती. चिमटा पातळ पत्र्याचा, वर तांब्याच्या रंगाचं पाणी, लोहचुंबक लगेच चिकटला. दोन जबड्यांपैकी एकालाच तार जोडलेली, तीही पत्र्याचे कान दाबून. दुसरा जबडा फक्त स्प्रिंगमधून जोडलेला, म्हणजे नसल्यासारखाच.

आता रस्त्यावरचे ५.८ व्होल्ट भागिले २७.९ मिलिओहम केले की २०८ अँपिअर येतात. मदतीच्या गाडीकडून एवढाच करंट पलीकडे पोचत होता. आणि पाकिटावरचे १०००? ही केबल १२.६ व्होल्टच्या बॅटरीवर नुसती शॉर्ट केली तरी तिच्यातून ४५० अँपिअरच्या वर काही जाऊच शकत नाही. तो आकडा तारेबद्दल काहीच सांगत नाही. तरी लोक त्याच आकड्याकडे बघून पैसे देतात आणि मध्यरात्री घाटात अडकतात, याचा मनापासून संताप येतो.

तापण्याचा हिशेबही इथंच निघतो. २०८ अँपिअरला दोन तारांत मिळून साडेआठशे वॅट उष्णता तयार होते. एका तारेतला धातू ४४ ग्रॅमच. उष्णता त्यातच राहिली तर तो सेकंदाला १३ अंशांनी तापतो. पाच सेकंदांत पासष्ट अंश चढले. पहाटेच्या १४ अंशांवरून तार ८० च्या घरात गेली, आणि साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचंच असतं. शिवाय तापल्यावर धातूचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दुसरी खेप पहिलीपेक्षा वाईट आणि तिसरी त्याहून वाईट. जो चालक दम न घेता सेल्फ मारत राहतो तो स्वतःचंच नुकसान करतो.

नवी केबल: आधी लांबी, मग जाडी

गाडीमालकाची अपेक्षा साधी होती: लादलेल्या गाड्या जशा उभ्या असतील तशा राहून जोडता यावं आणि पहिल्या खेपेला इंजिन लागावं. गाड्या शेजारी लावून, बॉनेटच्या कडेवरून, न ताणता तार पोचायला प्रत्येकी साडेतीन मीटर लागली. ताणलेल्या केबलचा चिमटा वाकडा बसतो आणि एका कडेवर टेकतो. जांबोटीला तेही झालं होतं.

मग किती व्होल्ट गमवायला परवडतात ते ठरवलं. चालू गाडीच्या बॅटरीवर सेल्फच्या वेळी पावणेबारा व्होल्टच्या आसपास राहतात आणि पलीकडे १० च्या वर पोचायला हवेत. म्हणून २५० अँपिअरला केबल आणि चिमटे मिळून दीड व्होल्टच्या आतच पडायला हवं. दीड भागिले २५०, म्हणजे ६ मिलिओहम. चांगल्या पितळी चिमट्याला जोडणीसकट ०.४ धरले तर चारांचे १.६ गेले. सात मीटर तारेसाठी ४.४ उरले.

लवचिक तांब्याच्या तारेचा कमाल रोध आयएस ८१३० या भारतीय मानकात ठरलेला आहे. पाचव्या वर्गाच्या २५ स्क्वेअर एमएम तारेला मीटरमागे ०.७८ मिलिओहम, ३५ ला ०.५५४, ५० ला ०.३८६. सात मीटरला २५ ची तार ५.५ मिलिओहम देते, म्हणजे बसत नाही. ३५ ची ३.९ देते, बसते. एकूण साडेपाच मिलिओहम आणि २५० अँपिअरला १.४ व्होल्ट. ३५ वर शिक्कामोर्तब झालं.

लांबी अडीच मीटरवर आणली असती तर २५ चालली असती. छोट्या पेट्रोल गाडीला सेल्फ १५० अँपिअरच्या आसपास लागतो, तिथं अडीच मीटरला १६ स्क्वेअर एमएम तांबं पुरतं. चिकोडी, हुक्केरीकडे उसाच्या ट्रॅक्टरसाठी चार मीटरची केबल करायची झाली तर ५० घ्यावी. जाडी सुटी ठरवता येत नाही. लांबी वाढली की जाडी वाढवावीच लागते.

ॲल्युमिनियमचा विचारही झाला. तो धातू वाईट नाही, शेतावरून गेलेल्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, तारा ॲल्युमिनियमच्याच असतात. पण ३५ तांब्याची बरोबरी करायला त्याला ५६ चौ. मिमी लागतात, म्हणजे बाजारात ७० घ्यावी लागते. वजन तांब्याच्या निम्म्याच्या थोडं वर येतं, एवढाच फायदा. तोटे जंपरच्या कामाला नेमके भोवणारे आहेत. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा, करंट वाहू न देणारा थर बसतो, दाबलेला सांधा कालांतराने ढिला पडतो, सतत गुंडाळून-सोडून धागे तुटतात, आणि पितळाला लागून ओल आली की सांधा सडतो. कणकुंबीच्या पावसात ओल येणारच. एकदा ताणून बांधलेल्या तारेला तो योग्य, रोज हाताळायच्या तारेला तांबंच.

एक पर्याय मात्र नजरेआड करू नये. बोअरच्या सबमर्सिबल पंपाची तीन कोअरची चपटी केबल या भागात घरोघरी पडलेली असते. ६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तीन कोअर एकत्र जोडल्या की १८ चौ. मिमी खरं तांबं होतं. अडीच मीटरच्या जोडीला साडेपाच मिलिओहम येतात. विकतच्या त्या केबलच्या वीस मिलिओहमपुढे हे कितीतरी सरस. छोट्या गाडीला ती सरळ चालते. तिची तार ताठ असते एवढीच अडचण.

खरेदी आणि बांधणी

तार घेतली वेल्डिंगची, सात मीटर. वेल्डिंग केबलला आयएस ९८५७ लागू होतं. तिचे धागे ०.२ मिमीच्या आसपास बारीक असतात म्हणून गारठ्यातही ती मऊ राहते. पीव्हीसीची पहाटे काठी होते. आवरण एचओएफआर घ्यावं, म्हणजे उष्णता आणि तेल सोसणारं. साधं रबर डिझेल लागलं की फुगतं. वेल्डिंगची केबल ॲल्युमिनियमचीही मिळते, तेव्हा दुकानात तोंडानं ‘कॉपर’ म्हणून सांगावं आणि बिलावर लिहून घ्यावं.

तीन गोष्टी काउंटरवरच पाहिल्या. धागा खरवडला. मग धागे मोजले: ०.२ मिमीचे धागे असतील तर ३५ ला सुमारे १,१०० भरतात. सगळे मोजायची गरज नाही, तार लडी-लडींनी वळलेली असते, एका लडीतले मोजून लडींच्या संख्येनं गुणायचे. आणि सर्वांत खात्रीचं म्हणजे वजनाचा हिशेब. ३५ चौ. मिमीच्या सात मीटरमध्ये सव्वादोन किलोच्या जवळ तांबं असतं. त्या दिवशी भंगारवाला सव्वादोन किलो तांब्याला जे पैसे देतो त्याहून कमीत कुणी नवी केबल देत असेल, तर आत तांबं नाही किंवा पुरेसं नाही.

चिमटे पितळी, दोन्ही जबडे तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं एकमेकांना जोडलेले. आधी वेल्डिंगचा मोठा अर्थिंग क्लॅम्प पाहिला होता, ४०० अँपिअरचा. धातू उत्तम, पण बॅटरीच्या खाचेत तो बसताना बॅटरी धरणाऱ्या लोखंडी पट्टीला टेकत होता. पॉझिटिव्हला असं टेकणं म्हणजे सरळ शॉर्ट, म्हणून तो सोडला. चिमट्याच्या मुठीवर पूर्ण इन्सुलेशन हवं.

जोडणीत सगळा जीव असतो. कल्हई केलेले ३५ च्या मापाचे तांब्याचे थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची, बोल्टचं भोक असलेली नळी), ८ मिमी भोकाचे, चार. आवरण सोलताना एकही धागा कापला जाऊ नये. सोलायची लांबी थिंबलच्या नळीएवढी, वर एखाद-दुसरा मिलिमीटर. धाग्यांवरची पावडर आणि कागद पुसून काढायचा, नाहीतर तोच थर आत दाबला जातो. मग थिंबल दाबायच्या हायड्रॉलिक क्रिंपरनं षटकोनी ठसा, प्रत्येक थिंबलला दोनदा. हातोडी-छिन्नीनं चेपलेलं थिंबल वरून घट्ट दिसतं, आत पोकळी राहते, महिन्याभरात सांधा काळा पडतो. नुसता डाग देऊन केलेला सांधाही नको: डागाचं कथिल १९० अंशांच्या आत पातळ होतं, शिवाय ते तारेत वर चढतं आणि जिथं थांबतं तिथंच धागे तुटायला लागतात. थिंबल चिमट्याला ८ मिमी बोल्ट, स्प्रिंग वॉशर आणि नटनं आवळलं, वर लाल आणि काळी हीट श्रिंक नळी, गरम केली की आवळून बसणारी. दोन्ही तारा दर अर्ध्या मीटरवर पट्ट्यांनी एकत्र बांधल्या, टोकाचा पाऊण मीटर मोकळा ठेवून.

तयार केबल लोड टेस्टरवर १०० अँपिअरला लावली: दोन्ही बाजू मिळून ०.५५ व्होल्ट. हिशेबाशी जुळलं. मग तीच पिकअप, हेडलाइट लावून बॅटरी मुद्दाम उतरवलेली. सेल्फ फिरताना मदतीच्या बॅटरीवर ११.७ आणि या बाजूला १०.३ व्होल्ट. इंजिन दोन सेकंदांत लागलं. तार हाताला गारच.

जोडताना जे चुकतं

मदतीची गाडी १२ व्होल्टचीच हवी. उसाचे मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टच्या असतात. त्यांच्या दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना जंपर लावला तर लहान गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं. ट्रॅक्टर सहसा १२ व्होल्टचा, आणि त्याची बॅटरी मोठी म्हणून मदतीला उत्तम.

क्रम असा: लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग दुसरा लाल चालू गाडीच्या पॉझिटिव्हला. काळा चालू गाडीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा ठिणगी पाडतोच, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. इंजिन उचलायचा हुक ही त्यासाठी छान जागा. जांबोटीला पहिल्यांदा हा चिमटा रंगवलेल्या ब्रॅकेटवर लावला होता आणि काहीच हललं नव्हतं. रंगातून करंट जात नाही. खुंटावर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर चिमटा लावून दोनदा घुमवावा, दात धातूपर्यंत जातात. पॉझिटिव्ह खुंट निगेटिव्हपेक्षा थोडा जाड असतो, अंधारात बोटानंही कळतो.

जाड केबल असली तरी पाच मिनिटं चार्जिंग होऊ द्यावं, मगच सेल्फ मारावा. एका खेपेला पाच-सात सेकंद, मधे मिनिटभर दम. इंजिन लागल्यावर दोन्ही गाड्या आयडलवर आणायच्या, नुकत्याच लागलेल्या गाडीचा ब्लोअर लावायचा, म्हणजे चिमटा काढताना अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज एकदम उसळत नाही. मग उलट क्रमानं काढायचं.

पिकअपची ती चार वर्षांची बॅटरी पूर्ण चार्ज करूनही लोड टेस्टमध्ये तग धरेना, म्हणून बदलली. इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी उघडून बोल्टखालचा गंज घासला. नवी केबल सीटच्या मागे मोठ्या वेटोळ्यात, चिमटे एकमेकांपासून वेगळे राहतील असे, आणि हातमोज्यांची एक जोडी तिच्याच पिशवीत. दर पावसाळ्यानंतर थिंबलजवळची नळी दाबून पाहायची. आत कुरकुर लागली किंवा हिरवं डोकावलं तर तेवढं टोक कापून नवं थिंबल क्रिंप करायचं. तार साडेतीन मीटर घेतली तेव्हा हाताशी दहा-पंधरा सेंटीमीटर जास्त ठेवली होती ती त्यासाठीच.